डोंगरावर काही राहिलं नाही

देगू, १ जून

प्रिय दादा,

पाकीट बघून तुला वाटलं असेल, चुनजाला हे काय सुचलं, फोन नाही का तिच्याकडे? आहे. गेल्या तीन आठवड्यांत मी तुला सहा वेळा फोन केला. चार वेळा तू मीटिंगमध्ये होतास. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी तुझ्या मीटिंगा संपत नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. उरलेल्या दोन वेळा मी तोंड उघडायच्या आत तूच मला सगळं समजावून सांगितलंस आणि मग तुझा फोन कापायची वेळ झाली. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर तिथे वहिनी, दोन्ही पोरं आणि सुना नव्या दगडाच्या फोटोखाली हात जोडून बसल्या आहेत. शिवाय महत्त्वाचं ते कागदावर असावं, हे तूच आम्हाला शिकवलंस. तेव्हा घे कागद.

मुद्दा दोन गोष्टींचा आहे. पंधरा तारखेला सौरऊर्जेवाले आपल्या गामगोलच्या डोंगरावर मशीन लावणार. त्याच्या आत पहिली गोष्ट तुला कळलेली बरी: आई त्या नव्या दगडाखाली, बाबांच्या शेजारी, जाणार नाही. तिला डोंगरावर राहायचं होतं आणि डोंगर तर तू देऊन मोकळा झालास. दुसरी गोष्ट मला तुझ्याकडे मागायची आहे. ती शेवटी मागते. आधी मागितली तर तू बाकीचं वाचणार नाहीस, आणि बाकीचं मला तुला ऐकवायचंच आहे. साठीच्या पुढची बहीण आहे मी. एकदा ऐकून घे.

आपल्या घरात 'दूरदृष्टी' हा शब्द मी जेवढा ऐकला तेवढं माझं स्वतःचं नावही ऐकलं नाही. बाबांनी मला चौदाव्या वर्षी शाळेतून काढून देगूच्या कापडगिरणीत पाठवलं, ती दूरदृष्टी होती. एकाला वर काढलं की तो बाकीच्यांना वर ओढतो, असं ते मामाला समजावत होते आणि मी दाराआड माझी वळकटी बांधत होते. तू वर गेलास. दोर खाली सोडायचा राहून गेला असेल. कामं असतात माणसाला. मग तू तालुक्याच्या ऑफिसात लागलास आणि तो शब्द बाबांकडून तुझ्याकडे आला, जमिनीबरोबर. तू पलीकडच्या खोऱ्यात सफरचंदांची बाग घेतलीस, कारण महामार्ग तिथूनच जाणार हे तुला ऑफिसातल्या खुर्चीत बसून दिसलं होतं. महामार्ग अलीकडच्या खोऱ्यातून गेला. त्यावर तू मला म्हणालास, "दिशा जरा चुकली, पण रस्ता येणार हे मी ओळखलं होतं की नाही?" ओळखलं होतंस, दादा. आमच्या बाजारातला कोंबडीवालाही ओळखून होता.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी तुला ती चौकट दिली. चार मोठी चिनी अक्षरं, शाईचे जाड फटकारे: पुढचं पाहण्याचा उजेड. ती तू सोफ्याच्या वर लावलीस. आई पहिल्यांदा तुमच्या आंदोंगच्या फ्लॅटवर आली, तेव्हा तिने विचारलं, "काय लिहिलंय रे हे?" तू तिला उभं करून अर्थ सांगितलास, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. ती मन लावून ऐकत होती. मग वर बघून म्हणाली, "मग दुपारचा दिवा कशाला लावलाय?" वहिनी हसली. तू नाही हसलास.

मी तुझ्याइतकी शिकलेली नाही. माझं दुकान म्हणजे बाजारातली दीड खण जागा, तिथे मी लोकांच्या पँटी आखूड करते आणि पोटं सुटली की कंबरा सोडते. पण पुढचं बघणं म्हणजे काय, हे मलाही थोडं कळतं. शाळेचा गणवेश शिवताना आम्ही शिवणीत माया ठेवतो, बाह्यांना आतून दुमड ठेवतो. का? तर पोर वाढणार. ते किती वाढेल, कुठून वाढेल हे ठाऊक नसतं. म्हणून त्याला समोर उभं करायचं, हात वर करायला लावायचे, "चाल बघू" म्हणायचं, आणि मग कात्री हातात घ्यायची. तू आईच्या बाबतीत नेहमी उलटं केलंस. आधी कापलंस. तिला समोर उभं करायचं तुला कधी सुचलंच नाही.

आठवतो तिचा फोटो? पंधरा वर्षांपूर्वी तू तिला शहरातल्या फोटोवाल्याकडे नेलंस, अंत्यविधीला पुढे ठेवायचा फोटो आताच काढून ठेवू, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. फोटोवाल्याने सुरकुत्या पुसल्या, केस काळे केले आणि तिने आयुष्यात कधी न घातलेला सणासुदीचा गुलाबी रेशमी हानबोक-पोशाख गळ्याखाली चिकटवला. तू तो तिच्या खोलीत लावलास. आई रोज सकाळी त्या बाईकडे बघायची. एक दिवस मला म्हणाली, "दिसायला बरी आहे. पण ही माझ्या जेवणात बसून माझ्या मरणाची वाट बघते, हे काही मला आवडत नाही." मी तो उतरवून कपाटामागे ठेवला. तुला सांगितलं की काच फुटली.

आणि ते कपडे. नऊ वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात तू तिच्यासाठी शेवटचे कपडे आणलेस. अधिक महिन्यात शिवले की म्हातारं माणूस आणखी जगतं, देवांचं नि भुतांचं तेव्हा इकडे लक्ष नसतं, हे सगळं तू गावकऱ्यांना मोठ्याने सांगत होतास. आंदोंगचं हातमागावरचं कापड, भांगेच्या धाग्याचं, पिवळसर, अंगाला चिकटत नाही असं. सगळं गाव म्हणालं, मुलगा असावा तर असा. त्या कपड्यांचं काय झालं ते तुला आज सांगते. पुढच्याच उन्हाळ्यात आई ते गाठोडं घेऊन माझ्या दुकानात आली. म्हणाली, "पोरी, या उन्हात जिवंत माणूस पॉलिस्टर घालून उकडतोय आणि एवढं गार कापड पेटीत पडलंय. मेल्यावर मला कुठे घाम येणार आहे?" कात्री मी चालवली. त्यातून दोन बिनबाह्यांचे सदरे निघाले, एक परकर आणि उशीचे दोन अभ्रे. तीनेक वर्षांपूर्वी तू गावी आलास, तेव्हा ती त्यातलाच एक सदरा घालून तुझ्यासमोर मिरच्या निवडत होती. तू तिला म्हणालास, "कापड चांगलं दिसतंय, कुठून घेतलं?" ती म्हणाली, "मुलानं दिलं." तू खूश झालास. कुठल्या मुलानं हे विचारायलाही विसरलास, तुला एकच आई आणि तिला एकच मुलगा असूनसुद्धा.

यंदाच्या अधिक महिन्यात तू कळसच केलास. वर्षानुवर्षं शरदात डोंगर चढून गवत कापायचं, पुढची पिढी ते करणार नाही, म्हणून सगळी थडगी एकदाच उकरायची, हाडं जाळून राख रस्त्यालगतच्या एका दगडाखाली एकत्र ठेवायची आणि डोंगर सौरऊर्जेवाल्यांना द्यायचा. ऐकायला शहाणपणाचं आहे, मी नाही म्हणत नाही. तुझी पोरं विळा कुठल्या बाजूने धरतात हे मीही पाहिलं आहे. एप्रिलमध्ये आपण सगळे वर गेलो. आईचं कंबरेचं हाड गेल्या शरदात मोडलं, म्हणून तिला छोट्या ट्रकमधून अर्ध्या वाटेपर्यंत आणलं आणि घडीच्या खुर्चीत बसवलं. अझेलियाची गुलाबी फुलं इतकी होती की माणसं फुलांत कमरेपर्यंत बुडून खणत होती. तू डोक्यावर टोपी, हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन उभा होतास. यादीत अकरा नावं. एकेक थडगं उकरलं गेलं की तू पेनाने खूण करत होतास. बाबांचं आलं तेव्हाही तू आधी खूण केलीस, मग टोपी काढलीस.

शेवटी तो मुकादम, पांढऱ्या हातमोज्यांतला जाडा माणूस, तुझ्याजवळ आला. म्हणाला, "साहेब, वर आणखी कुणी आहे का? आत्ताच सांगा. नंतर मशीनच्या दातात काही आलं की आमची माणसं काम टाकून पळतात." तू म्हणालास, "अकरा म्हणजे अकरा. डोंगरावर काही राहिलं नाही." तो अनुभवी माणूस होता. तो खाली आईकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. तुम्ही इथल्या जुन्या." आईने तोंड उघडायच्या आत तू वरून ओरडलास, "तिला काय विचारता! तिला काल काय जेवली ते आठवत नाही." सगळे हसले. आई म्हणाली, "काल वाटाण्याचा भात होता. मीठ कमी होतं." पुन्हा सगळे हसले, या वेळी तुला. ती मात्र खुर्चीतून वाकून हाताला येईल तेवढा दवण्यासारखा कोवळा रानपाला खुडत राहिली. मला वाटलं, सारासाठी खुडते आहे. घरी आल्यावर पाहिलं तर तिच्या ओच्यात पाल्यापेक्षा माती जास्त होती.

मे महिन्यात तू दगडाचा फोटो पाठवलास. काळा, चकचकीत, आपलं तोंड दिसेल असा. बाबांच्या नावाशेजारी आईचं नाव, जन्माची तारीख, तिच्यापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. मी फोन तिच्या डोळ्यांजवळ धरला. ती म्हणाली, "ही रेघ कुणाची वाट बघतेय?" मग म्हणाली, "माझं नाव खोडा." मी म्हटलं, आई, दगडावरचं खोडता येत नाही. "मग दगड फोडा." मला हसू आलं. मला वाटलं, बाबा घोरायचे म्हणून म्हणते आहे, किंवा एकदा रागाच्या भरात त्यांनी जेवणाची थाळी भिरकावली होती, ती अजून तिच्या डोक्यात आहे. पण ती हसत नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत खाली वर्तमानपत्र पसरून ती मोड आलेल्या सोयाबीनची शेपटं खुडत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. मान खालीच ठेवून म्हणाली, "ज्यानं मला जागा सांगितली नाही, त्याच्या शेजारी मला कशाला जागा?"

कुठली जागा, असं मी विचारलं. दादा, तुला विचारावं लागलं नसतं.

मी पाच वर्षांची होते. मला त्या वसंतातलं एवढंच आठवतं की अंगावर पुरळ होतं, खोली अंधारी केली होती आणि माझ्या पांघरुणात आणखी एक गरम अंग होतं. ते माझ्या पोटात पाय खुपसायचं. मग मी बरी झाले आणि पांघरूण मला एकटीला पुरेसं झालं. पुढे केव्हातरी मी विचारलं असेन, तर मला सांगितलं गेलं असेल की तुला तापात भास झाला. मी एकोणसाठ वर्षं तो भास आहे असं मानत आले. तीन आठवड्यांपूर्वी, त्या सोयाबीनच्या ढिगासमोर, आईने मला त्या भासाचं नाव सांगितलं. ओकदान. तीन वर्षांची होती. तिला कोबी आवडायचा नाही आणि तू तिला पाठीवर घेऊन ओढ्यापलीकडे न्यायचास.

ती कुठल्याच कागदावर नाही. त्या काळी बरेच बाप पोराचा गोवर उलटेपर्यंत तालुक्यात नाव नोंदवायचे नाहीत, उगाच आधी नोंदवा, मग खोडायला हेलपाटा घाला. आपल्या बाबांनीही नोंदवलं नव्हतं. गावात त्यालाही तोच शब्द होता, तुझ्या चौकटीतला. आणि मेलेलं लेकरू कुठे पुरलं हे आईला सांगायचं नाही, ही दुसरी दूरदृष्टी. सांगितलं तर ती रोज जाऊन बसेल, रडेल, घरचं पडून राहील, पेरण्या खोळंबतील. म्हणून बाबांनी ओकदानला पहाटे चटईत गुंडाळून, पाठीवर ओझं वाहायच्या लाकडी घोडीला बांधलं आणि डोंगरावर नेलं. लेकराला मातीचा उंचवटा करायचा नसतो, वर नुसते दगड रचायचे असतात. दगड वाहायला कुणीतरी हवं होतं. तुला नेलं. तू नऊ वर्षांचा होतास.

आई सांगते, तू दुपारी परत आलास तेव्हा तुझी नखं लाल मातीने भरलेली होती. तिने गरम पाण्यात तुझे हात धरून एकेक नख काडीने कोरलं. तू दाराकडे बघत होतास. बाबा ओसरीवर बसले होते आणि त्यांनी तुला काय बजावलं असेल, ते तिला तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तिला म्हटलं, "मग तू दादाला का नाही विचारलंस? तेव्हा नाही तर नाही, तो मोठा झाल्यावर?" तिने मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझे घालत नाही. "नऊ वर्षांचं पोर गं. मी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मग बापाचा मार खाल्ला असता. आणि मला दाखवायला पुन्हा वर यावं लागलं असतं त्याला, एकदा नाही, दर वेळी. जन्मभर माझ्या तोंडाकडे बघून त्याला तो खड्डाच दिसला असता. मग माझ्या हातचं जेवला असता का तो? राहू दे म्हटलं. कुठेतरी आहे ना डोंगरावर, पुष्कळ झालं."

एकोणसाठ वर्षं. तिने तो 'दूरदृष्टी' शब्द कधी वापरलेला मी ऐकला नाही. तिला तो लिहिताही येत नाही. पण ओल्या नखांच्या एका पोराकडे बघून तिला त्याचं पुढचं सगळं आयुष्य दिसलं आणि त्यात आपल्यासाठी जी एक गोष्ट हवी होती ती तिने सोडून दिली. तुझ्या फायलीत असं एक पान आहे का रे? मला एक दाखव, मी माझं दुकान बंद करून तुझी चौकट पुसायला येईन.

तिने फक्त एकदा विचारलं, तेही बाबांना. ते शेवटचे आजारी होते तेव्हा. ज्या माणसाला सहा पिढ्यांची थडगी डोळे मिटून सांगता यायची, ते भिंतीकडे वळून म्हणाले, "विसरलो." तेव्हापासून ती दर वसंतात पाला खुडायला त्या डोंगरावर जायची आणि संध्याकाळपर्यंत यायची नाही. आपण म्हणायचो, म्हातारीला पाल्याचं वेड आहे. एवढ्या पाल्याचं सार कोण पितं? ती डोंगराचा एकेक तुकडा पायाखालून घालत होती. जिथे जाईल तिथे ओकदान असू शकते, म्हणून सगळा डोंगरच तिचा होता. मी म्हटलं, आई, मग आता का बोललीस? ती म्हणाली, "आता ते 'कुठेतरी'सुद्धा राहणार नाही ना."

आता तू म्हणशील, मलाही आठवत नाही. मी लहान होतो, साठ वर्षं झाली. हे तू फोनवर बोलायच्या आत मी इथेच लिहून टाकते, कारण एवढं पुढचं मलाही दिसतं. तुला आठवतं. दर शरदात गवत कापायला जायचो तेव्हा ओढ्याच्या वरच्या अंगाला, चेस्टनटच्या झाडांच्या मागे, तू कुणाला जाऊ द्यायचा नाहीस. "तिकडे साप आहेत," म्हणायचास. तुझा धाकटा एकदा चेंडूच्या मागे तिकडे धावला, तर तू त्याला असं खेचलंस की पोराचा खांदा आठवडाभर दुखत होता. मी त्या डोंगरावर लहानपणापासून हिंडले, साप मला सगळीकडे दिसले, फक्त तिथे नाही. आणि एप्रिलमध्ये, मुकादमाला काही नाही म्हणून सांगितलंस तेव्हा, तू फायलीकडे बघत नव्हतास. मी तुझ्या शेजारी उभी होते. तू त्या झाडांकडे बघत होतास. मग पेनाला टोपण लावलंस. दादा, मी तुला गर्विष्ठ समजत होते, बावळट समजत होते, आणि त्यावर माझं बरं चाललं होतं. तू भित्रा आहेस हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं, पण ते मला आई बोलल्यावर कळलं.

झाडांमागचा तो पट्टा मोठा आहे. मी गेल्या रविवारी एकटी जाऊन आले. सगळीकडे दगड आहेत, ओढ्याने आणलेले, डुकरांनी उकरलेले, आणि त्यांतले कुठले नऊ वर्षांच्या मुलाने रचलेले ते मला ओळखता आलं नाही. काट्यांनी हात सोलून घेऊन परत आले. आईला सांगितलं नाही की मी गेले होते. पण जेवताना ती माझ्या हातांकडे बघत होती आणि तिने माझ्या वाटीतल्या भातावर स्वतःचा माशाचा तुकडा ठेवला.

म्हणून हे पत्र. दुसरी गोष्ट आता मागते. पुढच्या शुक्रवारी, नऊ तारखेला, सकाळच्या पहिल्या बसने गामगोलला ये. एकटा ये. वहिनीला काय सांगायचं ते तुझं तू बघ, सांगायला तुला नेहमीच काहीतरी सुचतं. मी आईला घेऊन आदल्या दिवशीच तिथे असेन. तिला पाठीवर घेऊन चढायला मी गावातले दोघे जण ठरवले आहेत, आणि तो हातमोजेवाला मुकादमही येतो म्हणाला. त्याला खरं सांगितलं मी. तो फोनवर म्हणाला, "आजीला त्या दिवशीच बोलू द्यायला हवं होतं." आत काही नसेल, त्या लाल मातीत लहान हाडं टिकत नाहीत, हेही त्याने सांगितलं. नसू दे. ओंजळभर माती घेऊ. देगूबाहेरच्या एका मठाच्या रानात झाडाखाली जागा मिळते. आई जाऊन झाड बघून आली आहे, पाइनचं आहे, फार उंच नाही. आधी धाकटी तिथे जाईल आणि पुढे तिच्याबरोबर आई. त्यात तुझं काही काम नाही, दगडावरच्या रेघेपुढे तुला काय कोरायचं ते कोर. तुला माफी मागायला मी बोलावत नाही, आईला ती नको आहे. ती म्हणाली, "त्याला रडवू नकोस, नुसतं दाखव म्हणावं." चढ घसरडा झाला आहे, बूट घालून ये. झाडांच्या मागे आलास की थांब, आईला खाली उतरवू दे, आणि मग बोटाने दाखव. त्यानंतर तू लगेच निघालास तरी चालेल, दुपारची बस एक वाजता आहे.

तुझीच,
चुनजा